डॉइलचा नियम

थर्मनने ट्रकची किल्ली काढून डॉइलच्या तंबूतल्या टेबलावर ठेवली. पैसे कमी पडत असतील तर हीपण घे म्हणाला, मी चालत जाईन घरी.

डॉइलने किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. एका गिऱ्हाइकाच्या कोपराच्या खोबणीत बंदुकीचा दस्ता टेकवून, त्याचं बोट चापापर्यंत पोचतं का, हे तो बघत होता. हाताने घडवलेली ठासणीची बंदूक अंगरख्यासारखी असते, ज्याची त्यालाच बसते. डॉइल माप घेतल्याशिवाय कुणाला बंदूक विकत नसे. केंटकीच्या त्या डोंगरी मुलखात त्याच्या हाताची बंदूक मिळवायला लोक वर्षभर थांबत.

जत्रा ऐन भरात होती. बँकेतले कारकून आणि शाळामास्तर हरणाच्या कातड्याचे कपडे चढवून, कमरेला बंदुकीच्या दारूचं शिंग लटकवून दोनशे वर्षं मागे जाऊन बसले होते. शर्ट-पँटमध्ये थर्मन एकटाच. भाऊ वेंडेल गेल्यापासून त्याने या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं.

गिऱ्हाईक गेलं. डॉइलने पत्र्याच्या किटलीतली कॉफी दोन मगांत ओतली.

"ती बंदूक विकायची नाही, थर्मन. तुला माहितीये."

ती मागच्या दांडीला टांगलेली होती, गोणपाटात गुंडाळून. डॉइलनेच थर्मनच्या हाताच्या मापाने घडवलेली, लाटांसारख्या रेषा उठलेल्या मेपल लाकडाची. तिनेच थर्मनने आपला पाठचा भाऊ मारला होता.

सगळा खेळच होता तो. जत्रेतली लुटुपुटीची लढाई. नळीत नुसती दारू घालायची, वर मक्याच्या कणसाच्या सुक्या पात्याचा बोळा ठासायचा, गोळी घालायची नाही. पण थर्मन आणि डॉइल निशाणेबाजीच्या शर्यतीतून थेट मैदानात पळत आले होते. तिथे मात्र दर बाराला नळी पुसून खरी गोळी भरायची. रांगेच्या टोकाला दोघं उभे राहिले आणि वेंडेल समोरून ओरडत आला, मस्करी करत, नेहमीसारखा. त्या टोकाला त्याच्यासमोर दोनच बंदुका होत्या. इशारा झाला. थर्मनच्या नाकासमोर जाळ उडाला, कानठळ्या बसल्या, धूर झाला. धूर निवला तेव्हा वेंडेल गवतात पडला होता आणि उठत नव्हता.

थर्मन तिथेच गुडघ्यांवर बसला. माझ्याच हातून झालं, माझ्याच नळीत गोळी राहिली, असं शेरीफ येईपर्यंत तो बडबडत होता. माणूस स्वतःहून कबूल करतोय म्हटल्यावर कोण कशाला आणखी खोदतंय? अपघात म्हणून प्रकरण मिटलं. डॉइलने ती बंदूक त्याच संध्याकाळी त्याच्याकडून काढून नेली. हा जिवाचं काही बरंवाईट करील, ही भीती. तेव्हापासून दर रविवारी डॉइल त्याच्या दाराशी घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी ठेवून जायचा. असा मित्र शोधून सापडायचा नाही.

"लोरीनचा निरोप आलाय," थर्मन म्हणाला. लोरीन म्हणजे वेंडेलची बायको. इतकी वर्षं तिने त्याला दारात उभं केलं नव्हतं. आता पोरीचं लग्न होतं. ती बंदूक वेंडेलच्या थडग्यापाशी आण, माझ्या डोळ्यांदेखत मोड आणि मग पोरीच्या लग्नाला ये, असं तिने कळवलं होतं.

"आणि मी नाही दिली तर?"

"मग तुला माझी काळजी करावी लागणार नाही. नदी जवळ आहे."

थर्मनने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, म्हणूनच डॉइल घाबरला. त्याने हातातली कॉफी खाली ठेवली. मग उठला, गोणपाट सोडलं आणि बंदूक टेबलावर आडवी ठेवली. किल्ली त्याने थर्मनच्या खिशात परत कोंबली.

"त्या दिवशी होती तशीच आहे. साधं फडकंसुद्धा फिरवलं नाही मी. धीरच झाला नाही."

बार काढल्यावर नळी धुतल्याशिवाय जेवायला न बसणारा माणूस हा. चापाजवळची वाटी, जिच्यातल्या चिमूटभर दारूवर ठिणगी पडून आतला बार पेटतो, ती काजळीने माखून गंजली होती. थर्मनने नळीच्या तोंडात बोट फिरवलं. बोट स्वच्छ बाहेर आलं. पण त्याचं तिकडे ध्यान नव्हतं, डोळे भरून आले होते. त्याने बंदूक उचलली.

"थांब. नियम म्हणजे नियम," डॉइल म्हणाला.

वेंडेल गेल्यानंतर त्यानेच घातलेला नियम होता तो. गिऱ्हाइकाने स्वतः लोखंडी गज नळीत सोडायचा आणि तळाशी टण् वाजलेलं ऐकायचं, त्याशिवाय तंबूतून बंदूक हलायची नाही. रिकामी नळी वाजते. या नियमामुळे आता जत्रेत सगळे त्याला दुवा देत.

थर्मनने गज सोडला. वाजला नाही.

"गंज धरला असेल तळाला. पुन्हा सोड."

पुन्हा सोडला. कापसावर पडावा तसा थप्प आवाज झाला आणि गज चार बोटं बाहेरच राहिला.

डॉइलने बंदूक हातात घेतली. गजाच्या टोकाला मळसूत्र बसवलं, आत फिरवलं आणि सवयीच्या हाताने हळूहळू ओढलं. आधी मक्याच्या पात्याचा सुका बोळा आला. मग त्याने नळी उलटी करून टेबलावर ठोकली. काळीभोर, कोरडी, न जळलेली दारू भुरभुर खाली पडली. गोळी नव्हती. त्या दिवशी पेटली होती ती फक्त वाटीतली दारू.

थर्मनने मान वर केली. डॉइल त्या ढिगाकडेच बघत होता. वेंडेलसमोर दोनच बंदुका होत्या.