सातवी बाटली

"साथीचा विषाणू सातव्या बाटलीत सापडला, बाटल्या गटारात उतरून मीच भरल्या," सर माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. टेबलावर सांडपाण्याच्या आठ बंद बाटल्या मांडल्या होत्या. गटारात वर्षभर उतरली होती ती शेवटच्या रांगेत बसलेली त्यांची जुनी मदतनीस. सरांनी तिची नोंदवही ढापली आणि वर तिलाच निष्काळजी ठरवून कामावरून काढलं. चोराच्या उलट्या बोंबा. विषाणू शोधणाऱ्या मशीनची परीक्षा म्हणून एका बाटलीत मेलेला विषाणू मुद्दाम मिसळायचा, तिच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तसं लिहायचं, अशी पद्धत. कोणती बाटली, ते भरणाऱ्यालाच ठाऊक. आता ती उठली. "सर, सातव्या बाटलीचं बूड जरा बघता?" सरांनी हसत बाटली उलटवली. चिठ्ठी वाचताच चेहरा पडला. चालू माइकवरच ते पुटपुटले, "हे आधी का नाही सांगितलंस?" "बाटल्या तुम्हीच भरल्यात ना, सर?"