डिस्क काढल्यावर

महापेच्या एका कंपनीत नबीला डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचे निरोप डिस्कपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, लिहायची. अठरा दिवस तिला एकच दुखणं लागलं होतं. कॉम्प्युटर नीट झोपायचा, पण उठवला की डिस्कला हाक मारायचा आणि उत्तराची वाट बघत तिथंच अडकायचा.

कोड तीनदा नव्यानं लिहून झाला, पाच डिस्क बदलून झाल्या. आज पाचपर्यंत जमलं नाही, तर तिचे बॉस मिथुनसर अख्खी टीमच बंद करणार होते.

चार वाजता तिचे डोळे भरून आले. "दिपेश, मला आता काहीच सुचत नाहीये रे."

शेजारच्या टेबलावरचा दिपेश उठून आला. "डिस्कच काढ ना. ती नसताना ड्रायव्हर काय करतो, ते तरी कळेल."

झोपलेल्या कॉम्प्युटरमधून तिनं डिस्क काढली, दिपेशच्या तळहातावर ठेवली आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर झटक्यात उठला. अठरा दिवसांत पहिल्यांदाच हाकेला उत्तर आलं होतं. स्क्रीनवर अक्षरं उमटली: "डिस्क तयार आहे."

"कसं शक्य आहे?" नबीलानं डिस्कची जागा बोटांनी चाचपली. तिथं काहीच नव्हतं.

तिनं एक भलीमोठी फाइल डिस्कवर लिहायला लावली. स्क्रीनवरचे आकडे सरसर पुढे सरकू लागले. दहा टक्के. वीस. तिला हसू की रडू ते कळेना.

"नबीला," दिपेश हळूच म्हणाला. तळहात त्यानं अंगापासून लांब धरला होता. "ही गरम व्हायला लागलीये."