सोनम यायच्या आत

कुशाबाईनं नाकातोंडाला पदर गुंडाळला आणि बाथरूमच्या फरशीवर ॲसिड ओतलं. भस्सकन फेस उठला. डोळ्यांना धार लागली, ती ॲसिडनं की कशानं, कोण सांगणार! गुडघे ठणकत होते, तरी बाई उकिडवी बसून खराखरा घासत राहिली. सून सोनम दुपारच्या एसटीनं माहेराहून, इंदापूरहून यायची होती. ती यायच्या आत बाथरूम लख्ख व्हायला हवी होती.

महिनाभर सोनमनं ही बाथरूम देवघरासारखी जपली होती. तिच्या सहा वर्षांच्या छकुलीला रक्ताचा आजार निघाला. पुण्याच्या डॉक्टरनं औषधं सुरू करून घरी पाठवताना बजावलं होतं, "हिच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद नाही. बाथरूम रोज घासायची, दुसऱ्या कुणाला वापरू द्यायची नाही." मग काय, बाकीचं घर गोठ्यामागं न्हायला लागलं. कुशाबाई मदतीला गेली की सोनम दारातूनच परतवायची.

"आत्या, शेण काढल्यालं हात हायत तुमचं. नगा येऊ."

बोलणं खोटं नव्हतं. पण म्हातारीच्या काळजाला घरं पडायची. नात आपली आणि आपल्याच हातांना बंदी!

एवढं करून जंतूंनी गाठायचं ते गाठलंच. एके दिवशी सकाळी सोनमनं पोरीला न्हाऊ घातलं, दुपारी ताप चढला आणि कुशाबाईच्या लेकानं, शंभूराजनं बायको-लेकीला जीपमध्ये घालून पुणं गाठलं. छकुली गेली ती गेलीच.

दुःखाच्या घरात ठेवू नये म्हणून भावकीतल्या बायांनी पोरीचे कपडे, दप्तर, चपला, सगळं देऊन टाकलं. सोनम भिंतीला टेकून नुसती बघत राहिली. माहेरी जाताना तिनं बाथरूमला कडी घातली आणि एवढंच म्हणाली, "हितं कुणी जाऊ नका." कुशाबाईला वाटलं, सोनमच्यानं आता ती घासवणार नाही. तेव्हा नाही करता आलं, आता तरी आपण करावं.

भिंती, नळ, बादली, मोरीची जाळी, काही म्हणून सोडलं नाही. फिनेल टाकून ती बाहेर आली, तोच सोनम दारात. पिशवी ओट्यावर टाकून ती थेट बाथरूमकडंच निघाली. कुशाबाई हात पुसत मागोमाग गेली.

"बघ पोरी, एक जंतू ठिवला न्हाय. आता तुला काय बी करायला नगं."

सोनम मोरीपाशी खाली बसली. तिनं जाळी उचलली, आत बोटं घालून चाचपलं.

"आत्या, हितलं केस कुठं गेलं?"

"त्यो गुंता व्हय? तुझाच आसंल म्हणून टाकला की उकिरड्यावर. ह्या वाऱ्यात गेला बी आसंल उडून."

"माझा नव्हता वो त्यो!" सोनम मोरीत परत परत बोटं फिरवत राहिली. "औषधानं केस गळाय लागलं हुतं तिचं. त्या दिशी न्हाताना वंजळभर हातात आलं. तुमी रडाल म्हणून डोक्याला रुमाल बांधून नेली तिला. आल्यावर त्याला हात लावायचा धीर हुईना मला. आज ते उचलायलाच आले हुते. तिचं तेवढंच राह्यलं हुतं आत्या, तेवढंच."

कुशाबाई धडपडत उकिरड्याकडं सुटली. शेणात, पाचटात कोपरापर्यंत हात घालून ती उकरत राहिली. हाताला काही लागेना. गळालेले केस टाकताना बाईमाणूस त्यावर थुंकतं, कुणी करणी करू नये म्हणून. कुशाबाईचा जन्म त्या सवयीत गेला होता. आज सकाळी नातीच्या केसांवरही ती थू थू करून थुंकली होती.