आठवं स्थळ

कात्रजच्या जयसिंगरावांनी लेकीचा लग्नाचा बायोडाटा क्लाउडवर ठेवला, म्हणजे त्यांच्या मोबाइलवर, बायकोच्या टॅबवर आणि राजनंदिनीच्या लॅपटॉपवर एकच फाइल कायम हाताशी. तिची लिंक त्यांनी सात स्थळांना धाडली, आणि सातही जण मूग गिळून बसले.

"भावकीतलंच कुणीतरी मोडता घालतंय, नंदे!" म्हणत ते सख्ख्या भावाकडचा चहासुद्धा वास घेऊन मगच पिऊ लागले.

"असंल, आप्पा. भावकीचा काय नेम!" लेक लॅपटॉपमागून म्हणाली.

रविवारी आठव्या स्थळाच्या मुलाचा फोन आला. "काका, बायोडाटातली शेवटची अट वाचली. मान्य आहे."

"कसली अट?" जयसिंगराव चपापले.

 

"पोळ्या येतात मला. भाकरी लग्नापर्यंत शिकतो."