अरंगेट्रमची तारीख

आरभीचा डावा पाय पुन्हा चुकला.

राजेश्वरी टीचरांची काठी लाकडी ठोकळ्यावर थबकली. त्यांच्या तळघरातल्या वर्गाच्या जिन्यात बसलेली तवमलर पुढे झुकली. मुलीची ही तिसरी परीक्षा. टीचरांनी होकार दिला तरच ऑगस्टमध्ये तिचं अरंगेट्रम, रंगमंचावर पहिल्यांदा एकटीनं नाचायचा सोहळा. स्कारबरोमध्ये सभागृह वर्षभर आधी धरावं लागतं. ते धरलेलं होतं. चेन्नईचे वादक संध्याकाळपर्यंत उत्तर मागत होते. आणि सप्टेंबरात आरभी शिकायला दुसऱ्या गावी जाणार होती. पुढचा उन्हाळा हातात नव्हता.

सकाळीच पॅरिसहून नणंदेचा फोन येऊन गेला होता. "वहिनी, साडी आत्ता घेऊ, की पोरीच्या साठीला?"

"परत," टीचर म्हणाल्या.

परत तेच. परीक्षेच्या लांबलचक नृत्यातलं बाकी सगळं स्वच्छ. तिसऱ्या आवर्तनात मात्र डावा पाय जरासा उशिरा पडायचा, आणि लगेच जागेवर यायचा. तवमलर इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. चुका ओळखणं हेच तिचं काम. घाबरून होणारी चूक जागा बदलते. ही बदलत नव्हती. शिवाय आज सकाळी घरी न्याहारीचा पिट्टू वाफवताना तिनं वरच्या खोलीतली आरभीची पावलं कान देऊन ऐकली होती. तिथे एकही चुकलं नव्हतं.

टीचरांनी काठी खाली ठेवली.

"नाही, तवमलर. सभागृह सोडून द्या."

"टीचर, ती कुठे कमी पडते ते तरी सांगा. मी घरी करून घेते."

"पायात काही कमी नाही." टीचर चष्मा पुसत राहिल्या. "तुम्हीच विचारा तिला. मला सांगत नाही."

आरभी खालच्या पायरीवर बसून बूट चढवत होती. तवमलर तिच्याशेजारी टेकली. चांगलं फैलावर घ्यायचं तिनं ठरवलं होतं. पण मुलीच्या मानेवरचा घाम दिसला आणि ती विरघळली. सहा वर्षांची असल्यापासून आपण हिला इथे आणतोय. हिला हे कधी नकोच होतं की काय?

"हे बघ कण्णा," ती लाडानं, हळूच म्हणाली, "एका संध्याकाळचा तर प्रश्न. तुझी निरोशा अक्का आठव. काय घाबरली होती! पण पार पडलं एकदाचं. फोटो दिवाणखान्यात लागला, घुंगरं माळ्यावर गेली. त्यानंतर तिला कुणी एक पाऊल तरी टाकायला लावलं? तुलाही नाही लावणार. एकदा चढ त्या रंगमंचावर, की कायमची सुटलीस."

आरभीच्या हातातून बुटाची नाडी सुटली.

"म्हणूनच चुकते, अम्मा."