करवंटीतली अंडी

माशांच्या टाकीतली करवंटी पुन्हा रिकामी निघाली. सकाळी तिच्या आतल्या बाजूला लालसर अंड्यांचा थर होता. दुकान बंद करून आलेल्या हेमराजने टॉर्च मारला, तर आतून घासून ठेवल्यासारखी स्वच्छ.

बोटभर लांबीच्या सिक्लिड माशांची ही जोडी त्याने नागपूरहून मांडीवर पिशवी धरून आणली होती. तिरोड्यात या माशांची पिल्लं अजून कोणी काढली नव्हती. तो मान त्याला हवा होता. तयारी पिल्लांच्याही आधी झालेली. नव्या टाक्या येऊन पडल्या होत्या. त्या मांडायला मागची खोली धरली होती. त्या खोलीत लकव्याने उजवं अंग गेलेले त्याचे वडील, छोटेलाल, पडून असत. पिल्लं झाली की त्यांना सालेकशाला मोठ्या भावाकडे पोचवायचं होतं. हे सगळं नवराबायकोने हॉलमध्ये बसून ठरवलं, दार उघडं ठेवून. ज्याला कुशीवरही आपणच वळवतो, त्याच्यासाठी दार कोण लावतं?

राहता राहिला चोर. टाकीत चार जातींचे जीव गुण्यागोविंदाने नांदत होते, म्हणजे चारही जाती संशयित. आधी काचेला चिकटणारा सकर गेला, शेजाऱ्याकडे. मग निऑन गेले, सासुरवाडीला. गोगलगायींना कोणी विचारेना, त्या बादलीत गेल्या. शेवटी अंडी घालून झाली की खुद्द नरालाही तेवढ्यापुरती बादली दाखवली जाऊ लागली. अंडी तरी जातच राहिली.

"आता घरात मीच उरली," प्रेमिला म्हणाली. "मले बी टाकून द्या बादलीत."

"तू नाही, ते मादी उरली. तेच खाऊन राहिली."

"माय कायले खाईन जी? पाहा ना, कशी उभी राह्यते ते!"

अंडी असली की मादी हळदीसारखी पिवळी व्हायची. करवंटीच्या तोंडाशी पहारा द्यायची. काचेला बोट लावलं तरी धावून यायची.

"मोबाइलात सगळं लिहून आहे," हेमराज म्हणाला. "खातेत."

पुढच्या खेपेला अंडी दिसताच त्याने दुकानातला एक जुना फोन टाकीसमोर उभा केला, व्हिडिओ चालू केला आणि तो दुकानात, प्रेमिला अंगणवाडीत गेली. संध्याकाळी करवंटी साफ. दोघं चहा घेऊन पाहायला बसले.

"पाह्य आता तुह्या मायची पोल खुलते."

बराच वेळ मादी एकटीच फिरत होती. मग फोनच्या चौकटीत खालून काहीतरी हललं. हेमराजला मांजर वाटलं. एक हात वर आला. त्याने टाकीच्या बुटक्या स्टँडची कड धरली. मागोमाग पांढरे केस आले.

छोटेलाल मागच्या खोलीतून फरशीवर पोटाने सरपटत आले होते. निर्जीव पाय लुंगीत गुरफटून मागे पडला होता. काचेला कपाळ टेकून ते कितीतरी वेळ धापा टाकत राहिले. मग डावा हात पाण्यात घातला, करवंटी उलटी केली आणि अंगठ्याने आतून पुसून काढली. पिवळी मादी त्या हातावर तुटून पडली. त्यांनी हात मागे घेतला नाही.

प्रेमिलाने कप खाली ठेवला. हेमराजला व्हिडिओ थांबवायचंही सुचलं नाही.

लकव्यानंतरचं बाबांचं जड बोलणं एरवी फक्त प्रेमिलाला कळायचं. आज व्हिडिओत ते मादीशी जे बोलले, ते हेमराजलाही कळलं.

"माफ कर वो माय. तुह्या लेकरायले खोली भेटली, त् माह्या लेकराच्या घरी मी कुठी राहू?"