सेनापतीची चाल

“बंद कर!” मामा ओरडले, तशी पियानोवर भाचीची बोटं थबकली. तालमीच्या खोलीतले सगळे नट वळून मामांकडे बघू लागले. सेनापतीचं काम करणाऱ्याचा तर ‘आ’ तसाच उघडा राहिला.

मामांच्या नाटकाचं भाची संगीत नाटक करत होती. सत्ता बळकावणाऱ्या सेनापतीवर हे नाटक लिहिलं म्हणून मामा तुरुंगाची हवा खाऊन आले होते, त्यामुळे त्यातल्या कानामात्रेवरसुद्धा त्यांचा जीव. आज ऐकून ते होकार देणार होते. नकार आला, तर वर्षभराची मेहनत पाण्यात. आणि शेवटचं गाणं अजून झालेलंच नाही, हे त्यांना सांगायचा धीर तिला झाला नव्हता.

“ज्याच्यापायी मी आत गेलो, त्याला ही असली गोड चाल?” मामा म्हणाले. “अगं, लोक डोक्यावर घेऊन नाचतील त्याला!”

“मग काय बेसूर गायला लावू? बेसुऱ्याच्या मागे कोण जातं, मामा?”

“तोंड वर करून बोलू नकोस.”

“तोंड वर केल्याशिवाय गाता येत नाही,” मागून कुणीतरी पुटपुटलं. एरवी खोली हसली असती.

“आणि लोकांनी त्याला दिलेलं उत्तर? ते शेवटचं गाणं कुठाय?”

“नाही झालं.” तिने सांगून टाकलं. “बांधते ते सगळं याच्यापुढे फिकं पडतं.”

मामांनी काठी उचलली. आता ते निघून जाणार, असं तिला वाटलं. पण मामा उठले नाहीत. काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाले, “वाजव पुन्हा. पहिल्यापासून.”

सेनापती गाऊ लागला. घराघराला तो शांत झोपेचं वचन देत होता. गर्दीतल्या नटांनी खरं तर त्याच्याकडे रागाने बघायचं, पण दुसऱ्या कडव्याला त्यांच्याही टाळ्या सुरू झाल्या. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने भीतभीतच मामांकडे पाहिलं.

कपाळावरची आठी तशीच होती. उजवा हात मात्र काठीवर ठेका धरत होता. मामांचंही तिकडे लक्ष गेलं. कुणा परक्याचा हात असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले, मग डाव्या हाताने त्यांनी तो दाबून धरला. बोटं हलायची थांबेनात.

गाणं संपलं.

“शेवटचं गाणं बांधू नकोस,” मामा म्हणाले.

“म्हणजे... नाटक बंद?”

“शेवटी हेच गाऊ दे त्याला. लोक टाळ्या वाजवायला लागले, की प्रेक्षागृहातले सगळे दिवे लाव.” हाताची पकड त्यांनी अजून सोडली नव्हती. “आपापले हात बघू देत सगळ्यांना.”